ब तुकडीवरचा आळ

१

शनिवारी सकाळी साडेदहाला भूमच्या एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीतलं कपाट उघडलं, तेव्हा गणिताच्या प्रश्नपत्रिकांच्या पाकिटावरचं लाखेचं सील तुटलेलं होतं. पाकिटात पंचवीस प्रती असायला हव्या होत्या. चोवीस निघाल्या.

परीक्षा अकराला होती. दुसरा कुणी असता तर त्यानं ती पुढं ढकलली असती. मुख्याध्यापक गोपाळकृष्णरावांनी ती उरकून घेतली, कारण संस्थेच्या अध्यक्षांना निकाल मंगळवारपर्यंत हवा होता आणि अध्यक्षांना नको असलेली कुठलीही गोष्ट गोपाळकृष्णरावांनी आजवर केलेली नव्हती. दुपारी दोनला हरवलेली प्रत सापडली. अकरावी ब तुकडीतल्या बलभीम हुंबे या मुलाच्या बाकाखाली, घडी घातलेली.

संध्याकाळपर्यंत त्यांचा सगळा निवाडा झाला. चोरी ब तुकडीनं केली, अकराही मुलांना शाळेतून काढावं, त्यांचे शिक्षक वीरप्पा यांना कामावरून कमी करावं आणि तो वर्गच कायमचा बंद करावा, असं पत्र त्यांनी उस्मानाबादच्या शिक्षण कचेरीला लिहिलं. दोन पानी पत्रात ‘नैतिक अधःपतन’ हे शब्द पाच वेळा होते. चौकशी हा शब्द एकदाही नव्हता.

ते पत्र सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर आलं. मी, चारुशीला वाशीकर, त्या कचेरीत सहायक निरीक्षक होते. प्रश्नपत्रिका मीच काढली होती. उत्तरपत्रिकांना हात लावू नका, अशी तार करून मी दहाच्या एसटीनं भूमला निघाले.

२

एकसष्ट साल होतं. त्या शाळेत अकरावीच्या दोन तुकड्या होत्या. अ तुकडीत दहा मुलं बीजगणित आणि भूमिती शिकत. ब तुकडीतली अकरा मुलं व्यवहारगणित शिकत: जमिनीची मोजणी, भिंतीला दगड किती लागतील, विहिरीतून माती किती निघेल, नकाशावरून अंतर कसं काढायचं. हा वर्ग तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून सुरू झाला होता. शाळेनं तो गुरांच्या जुन्या पडवीत भरवला होता आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचं नाव होतं ‘ढ वर्ग’. हे नाव मला गोपाळकृष्णरावांनीच हसत सांगितलं. मी हसले नाही, म्हणून त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

यंदा अध्यक्षांनी फर्मान काढलं होतं की दोन्ही तुकड्यांना एकच पेपर द्यायचा. व्यवहारातली पाच उदाहरणं, पेपर कचेरीनं काढायचा. ब तुकडी मागं पडली की वर्ग बंद करायला कारण मिळेल, एवढाच त्यातला हेतू होता.

मी मुख्याध्यापकांना कपाटाच्या किल्लीविषयी विचारलं. किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. तिथून ती कुणीही घेऊ शकत होतं. पण शुक्रवारी शाळा सुटल्यावर दोनच शिक्षक मागं राहिले होते. वीरप्पा हजेरीपट ठेवायला आले होते आणि अ तुकडीचे गणिताचे शिक्षक विष्णुपंत वह्या तपासत बसले होते. मग संशय फक्त वीरप्पांवर कसा, असं मी विचारलं. गोपाळकृष्णरावांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

“विष्णुपंत बी.एस्सी. आहेत,” ते म्हणाले.

परीक्षेत आणखी काही वेगळं घडलं का, हेही मी विचारलं. ते म्हणाले, कचेरीची दुरुस्तीची चिठ्ठी सकाळच्या एसटीनं आली. चौथ्या प्रश्नातल्या एका आकड्यात दशांशाचं टिंब छापायचं राहून गेलं होतं. मुलं बाकांवर बसल्यावर, पेपर वाटायच्या आधी, त्यांनी स्वतः दोन्ही वर्गांत जाऊन ती दुरुस्ती फळ्यावर लिहिली. परीक्षेपुरती ब तुकडीही पडवीतून माडीवरच्या खोलीत आणली होती आणि पक्षपात नको म्हणून शिक्षकांची अदलाबदल केली होती. अ तुकडीवर वीरप्पा होते आणि ब तुकडीवर विष्णुपंत.

बाकाखालची प्रत कुणाला सापडली, हा माझा शेवटचा प्रश्न होता.

“विष्णुपंतांनाच,” ते म्हणाले. “त्यांची नजर फार तीक्ष्ण आहे.”

३

विष्णुपंत चाळिशीचे, गोरे, इस्त्रीच्या कोटातले गृहस्थ होते. हैदराबादेत शिकल्याचं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा सांगितलं. मी बाई असून गणितातली आहे, याचं त्यांना कौतुक वाटलं आणि ते कौतुक त्यांनी लहान मुलाला खाऊ द्यावा तसं माझ्या हातावर ठेवलं.

व्यवहारगणित हा गणिताचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दगड मोजायला गवंडी आहेत, जमीन मोजायला मोजणीदार आहेत. अठरा वर्षांच्या पोरांना शाळेत ते शिकवणं म्हणजे हमालांची भरती. गणितानं बुद्धी शुद्ध होते. ज्यांच्या बुद्धीला शुद्ध होणं जमत नाही त्यांनी शेतावर जावं. हे सगळं ते इतक्या सवयीनं बोलले, की दरवर्षी जूनमध्ये ते हेच बोलत असणार याची मला खात्री पटली.

मग त्यांनी पुरावा दिला. परीक्षा चालू असताना त्यांनी बलभीमच्या खांद्यावरून पाहिलं होतं. चौथ्या उदाहरणात मोठा भागाकार होता. त्या मुलानं एक ओळसुद्धा भागाकार केलेला नव्हता. दोन-तीन ओळी खरडून थेट उत्तर लिहिलं होतं, आणि ते उत्तर बरोबर होतं.

“रीत नाही, फक्त उत्तर,” विष्णुपंत म्हणाले. “जे आधीच माहीत असतं त्याला रीत लागत नाही, बाई.”

हे मात्र वजनदार होतं. तो माणूस मला पाहताक्षणी आवडला नव्हता, पण ज्याची घृणा येते तो दरवेळी खोटंच बोलतो असं नाही.

वीरप्पा उमरग्याकडचे होते. निजामाच्या राज्यात जमीन मोजणीच्या खात्यात त्यांनी अकरा वर्षं साखळी ओढली होती, मग परीक्षा देऊन मोजणीदार झाले आणि राज्यं बदलल्यावर खात्यातून सुटून शाळेत आले. मी विचारलं तेवढंच ते बोलले. शुक्रवारी ते हजेरीपट ठेवून लगेच निघाले. साक्षीला कुणी नाही. अ तुकडीवर पहारा करताना काही दिसलं का, असंही मी विचारलं.

“दिसलं असतं तरी म्या सांगून काय उपयोग, बाई?” ते म्हणाले. “पडवीतल्या माणसानं माडीवरच्यांचं नाव घेतलं तर त्याला चुगली म्हणतात.”

त्यापुढं त्यांनी तोंड उघडलं नाही. मला त्यांचाही राग आला. आपल्या अकरा मुलांचं वर्ष जातंय आणि हा माणूस मानापमान सांभाळत बसला आहे.

४

बलभीम हुंबे जवळच्या वाडीवरून रोज चार मैल चालत येणारा, रुंद हाडाचा मुलगा होता. शनिवार दुपारपासून त्याला वर्गाबाहेर बसवलं होतं. सोलापूरला मोजणीदारांच्या प्रशिक्षणासाठी त्यानं अर्ज भरला होता. त्याला मुख्याध्यापकांचा वर्तणुकीचा दाखला जोडायचा होता आणि मुदत बुधवारी संपत होती. दाखला अडवून ठेवला होता. हे त्यानं स्वतः सांगितलं नाही, मला कागदांत दिसलं.

प्रश्नपत्रिका बाकाखाली कशी आली, ते त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला चौथं उदाहरण पाठ आहे का विचारलं. त्यानं दुरुस्तीसह म्हणून दाखवलं: छकड्याच्या चाकाचा व्यास साडेतीन फूट आहे, तर पाच मैल जायला चाकाचे फेरे किती होतील?

“उत्तर काय आलं?”

“चोवीसशे.”

“भागाकार कुठं केलास?”

“केलाच न्हाय,” तो म्हणाला. “चाकाचा घेर अकरा फूट. आमची मोजायची साखळी सहासष्ट फुटाची. म्हंजी एका साखळीत सहा फेरे. मैलात ऐंशी साखळ्या, तवा चारशे ऐंशी फेरे. त्याची पाचपट चोवीसशे. भागाकार कशाला पायजे?”

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. एम.ए.ला मला पहिला वर्ग होता आणि हे मला सुचलं नव्हतं. विष्णुपंतांना जी रीत दिसली नव्हती ती तिथंच, त्या दोन-तीन ओळींत होती. ती ओळखायला साखळी हातात धरलेली असावी लागते.

पण चोरीचा उलगडा यानं होत नव्हता. हुशार मुलगाही चोरी करू शकतो. मी त्याला परीक्षेच्या वेळची प्रत्येक गोष्ट आठवून सांगायला लावली. मोठे सर फळ्यावर टिंब लिहून गेले इथपर्यंत आल्यावर तो म्हणाला की पंतसरांना त्या दिवशी बरं नसावं.

“का?”

“फळ्याकडं बघितलं आन् घाम फुटला त्यांना. मोठ्या सरांच्या मागं दारापत्तोर गेले, अ तुकडीत जाऊन येतो म्हणाले. मोठे सर न्हाय म्हणाले. मंग घटकाभरानं मोठे सर फेरीला आले तवा परत बाहेर जातो म्हणाले. तवाबी न्हाय म्हणाले. मंग बाकांतनं येरझारा घालत ऱ्हायले.”

मी त्याला जायला सांगितलं आणि गोपाळकृष्णरावांकडून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवला. त्या सीलबंद होत्या. या शाळेत सीलला फारसा अर्थ नव्हता, म्हणून आधी मी गाठ नीट तपासली. ती शाबूत होती.

एकवीस उत्तरपत्रिकांतलं फक्त चौथं उदाहरण मी वाचलं. वीस मिनिटं लागली. शेवटची पत्रिका खाली ठेवली तेव्हा चोर कोण हे मला कळलं होतं. फक्त एक माणूस अजून भेटायचा होता.

५

प्रेमला ही मुख्याध्यापकांची मुलगी. अ तुकडीतली एकमेव मुलगी. मी तिला तिच्या घरी, तिच्या आईसमोर भेटले. तिला एकच विचारायचं होतं: शुक्रवारी संध्याकाळी अ तुकडीचा जादा वर्ग झाला होता का?

ती आईकडं पाहत राहिली. आई म्हणाली, खरं असेल ते सांग. मग तिनं सांगितलं. विष्णुपंतांच्या घरी वर्ग झाला होता. तिला नेहमीप्रमाणं जाऊ दिलं नव्हतं, मुलींनी मास्तरांच्या घरी शिकवणीला जायचं नाही म्हणून. शनिवारी परीक्षेआधी मुलं शाळेच्या ओट्यावर पाच उत्तरं पाठ म्हणत बसली होती. ती जवळ गेली तेव्हा गप्प झाली. चौथं उत्तर तिच्या कानावर पडलं होतं. तिनं मला तो आकडा सांगितला.

“हे वडिलांना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं,” ती म्हणाली. “शनिवारी रात्रीच.”

तिच्या आईनं मान खाली घातली. मला वाटलं होतं गोपाळकृष्णराव नुसते मूर्ख आहेत. मी त्यांना फार वरचा दर्जा दिला होता.

मंगळवारी सकाळी मी तिघांना, म्हणजे मुख्याध्यापक, विष्णुपंत आणि वीरप्पा यांना, एका खोलीत बसवलं. उत्तरपत्रिकांचे दोन ढीग टेबलावर ठेवले.

मी सांगितलं, कचेरीतून निघालेल्या पाकिटात व्यास पस्तीस फूट छापलेला होता. साडेतीनमधलं टिंब उडालेलं होतं. ज्यानं पेपर शुक्रवारी पाहिला त्यानं पस्तीस पाहिले. ज्यानं शनिवारी अकरानंतर पाहिला त्यानं फळ्यावरचे साडेतीन पाहिले. साडेतीनचं उत्तर चोवीसशे. पस्तीसचं उत्तर दोनशे चाळीस. आता चोर शोधायला फक्त वाचता येणं पुरे.

ब तुकडीच्या अकरा मुलांपैकी नऊ जणांचं उत्तर चोवीसशे होतं. दोघं गुणाकारात चुकले होते, दोघं वेगवेगळे चुकले होते. रीती चार प्रकारच्या होत्या. दोनशे चाळीस हा आकडा एकाही कागदावर नव्हता.

अ तुकडीच्या दहा मुलांपैकी एकट्या प्रेमलाचं उत्तर चोवीसशे होतं. उरलेल्या नऊ जणांनी वर व्यास साडेतीन फूट असं फळ्यावरून नीट उतरवलं होतं, आणि त्याच्या खाली परीघ एकशे दहा फूट लिहून शेवटी दोनशे चाळीस. नऊच्या नऊ. ओळीसुद्धा त्याच, त्याच क्रमानं.

“मुलं घाबरली असतील,” विष्णुपंत म्हणाले. “टिंब नजरेतून सुटलं.”

“टिंब त्यांनी लिहिलंय,” मी म्हणाले. “ज्याचं टिंब सुटतं त्याच्या वरच्या ओळीत पस्तीस असतात. यांनी गणित केलंच नाही. पाठ केलेलं खाली उतरवलं. सील तुम्ही तोडलंत, उत्तरं तुम्ही सांगितलीत. सकाळी सील तुटल्याचा गवगवा झाला, तेव्हा खिशातली प्रत कुठंतरी टाकणं भाग होतं. बाकांतून येरझारा घालायला तुम्हाला तीन तास मिळाले होते.”

 विष्णुपंतांनी कोट सावरला आणि पेपरमध्ये चूक करणाऱ्या कचेरीनं दुसऱ्याला शहाणपण शिकवू नये असं सुनावलं.

त्यांचं हे एक वाक्य खरं होतं, म्हणून मी उत्तर दिलं. पेपर मी काढला होता आणि छापील प्रत मीच दोनदा तपासली होती. पस्तीस फूट व्यासाचं चाक मी दोनदा वाचलं आणि सही केली. पाकिटं उस्मानाबादहून निघून गेल्यावर उरलेली एक प्रत आमच्या उत्तरेश्वर शिपायानं घरच्या पोराला वाचायला नेली. शुक्रवारी दुपारी तो माझ्याकडं येऊन म्हणाला, बाई, ह्ये चाक आपल्या कचेरीपेक्षा उंच हाय, छकडा वढाया हत्ती लावायचा का. दुरुस्तीची चिठ्ठी त्याच्यामुळं निघाली. मला ती चूक कधीच दिसली नसती.

“पण मी ते उदाहरण सोडवलं नव्हतं, नुसतं वाचलं होतं,” मी म्हणाले. “तुम्ही सोडवलंत. नऊ मुलांना समजावून दिलंत. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की हे चाक तीन मजल्यांइतकं उंच आहे?”

विष्णुपंतांनी माझ्याकडं खरोखरच न समजून पाहिलं.

“गणितात चाक नसतं, बाई,” ते म्हणाले. “वर्तुळ असतं.”

त्या एका वाक्यात त्यांनी कबुली देऊन टाकली आहे, हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही. गोपाळकृष्णरावांच्या मात्र आलं. ते खिडकीबाहेर पाहू लागले. मी त्यांना विचारलं, तुमच्या मुलीनं शनिवारी रात्री काय सांगितलं होतं, हे तुम्ही स्वतः लिहून देता की मी लिहू. त्यांनी लेखणी उचलली.

 आता वीरप्पांनी मला सांगितलं, की पहाऱ्याच्या वेळी अ तुकडीची मुलं चौथं उदाहरण अर्ध्या मिनिटात लिहून मोकळी झाली, हे त्यांना दिसलं होतं. मग विचारलं, ते आधी सांगितलं असतं तर पोरांचे हे दिवस वाचले असते का? मी म्हणाले, होय. त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलण्याची मला इच्छा झाली नाही.

६

माझ्या अहवालानंतर जे झालं ते अगदी या जिल्ह्याला साजेसं झालं. विष्णुपंतांना कुणी काढलं नाही. प्रकृतीच्या कारणानं त्यांनी स्वतः राजीनामा दिला, अध्यक्षांनी त्यांना शाल दिली आणि पुढं सोलापुरात त्यांनी खासगी क्लास काढला. तो चांगला चालतो असं ऐकते. अ तुकडीच्या नऊ मुलांची परीक्षा पुन्हा झाली. व्यवहारगणिताचा वर्ग बंद करण्याचा ठराव अध्यक्षांनी गुपचूप मागं घेतला आणि वार्षिक अहवालात तो वर्ग आपलीच कल्पना असल्याचं छापलं.

मी एकाच गोष्टीवर अडून बसले होते. ब तुकडीला सगळ्या शाळेसमोर चोर म्हटलं होतं, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोर जाऊन ते शब्द परत घ्यावेत. गोपाळकृष्णरावांनी लेखी पत्र चालेल का विचारलं. मी नाही म्हणाले. फक्त बलभीमला बोलावून सांगितलं तर? नाही.

मंगळवारी दुपारी ते पडवीत आले. मी दाराशी उभी होते. त्या वर्गात ते तीन वर्षांत प्रथमच आले होते. खाली वाकून यायचं असतं हे माहीत नसल्यामुळं त्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं. त्यांनी बलभीमच्या हातात दाखला दिला आणि मग ठरवून आणलेली चार वाक्यं म्हटली. गैरसमज, दिलगिरी, शाळेची प्रतिष्ठा, उज्ज्वल भवितव्य. अकरा मुलं उभी राहून ऐकत होती. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मानही हलवली नाही. बोलणं संपल्यावर काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मुख्याध्यापकांना तर मुळीच नाही.

वीरप्पांनी ती अडचण सोडवली. बसा, असं म्हणून त्यांनी राहिलेला तास पुढं सुरू केला. पडवीची मागची भिंत पडायला आली होती. ती नव्यानं बांधायला दगड किती लागतील, हे मुलं काढत होती. बलभीमनं दाखला सदऱ्याच्या आत ठेवला, कोपऱ्यातली कापडी फीत उचलली आणि भिंतीशी गेला. बाकीची मुलं वह्या उघडत होती; फितीचं दुसरं टोक धरायला जवळ मुख्याध्यापकांशिवाय कुणी नव्हतं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

“सर, जरा धरता का?” त्यानं मुख्याध्यापकांना विचारलं.

गोपाळकृष्णरावांनी टोक धरलं. आकड्यांची बाजू भिंतीकडं गेली होती. बलभीमनं परत येऊन ती त्यांच्या हातात सुलटी करून दिली, अंगठा कुठं दाबायचा ते दाखवलं आणि फीत ताणत मागं सरकत गेला.